लुआतून सी++चा कन्स्ट्रक्टर: चुका कुठे होतात आणि कशा पकडायच्या

तक्रार जवळजवळ नेहमी याच रूपात येते. सी++मधला क्लास लुआत, म्हणजे सी++ प्रोग्रॅमच्या आत चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट भाषेत, नोंदवला, स्क्रिप्टमध्ये `इमेज.न्यू(६४०, ४८०)` लिहिलं, ऑब्जेक्ट मिळाला, दोन-चार मेथडही चालल्या. मग कधी दहा मिनिटांनी, कधी प्रोग्रॅम बंद होताना, तर कधी फक्त रिलीज बिल्डमध्ये सगळं कोसळतं. डीबगर गार्बेज कलेक्टरच्या (वापर संपलेली मेमरी मोकळी करणाऱ्या लुआच्या भागाच्या) पोटात कुठेतरी बोट दाखवतो आणि शोध तिथेच अडकून पडतो. चूक मात्र बहुतेक वेळा कन्स्ट्रक्टरच्या आठ-दहा ओळींत असते, आणि तीही ओळींच्या क्रमात.

इथलं सगळं २०२० साली आलेल्या लुआ ५.४ला धरून आहे. आधीच्या आवृत्त्यांत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत: `लुआ_`ने सुरू होणारी मूळ सी एपीआयमधली, `लुआएल_`ने सुरू होणारी सहायक लायब्ररीतली. उदाहरणाला एकच क्लास पुरेल: `इमेज`, जो रुंदी-उंची घेतो आणि आत पिक्सेलचा बफर धरतो.

चार कामं आणि त्यांचा क्रम

सी++त `न्यू` म्हटलं की मेमरी मिळते आणि कन्स्ट्रक्टर चालतो, दोन्ही एका दमात. लुआला क्लास ही कल्पनाच नाही. त्यामुळे स्क्रिप्टमधल्या एका हाकेमागे आपल्याला चार कामं हातानं करावी लागतात: स्टॅकवरचे (लुआ आणि सी++ ज्यावरून किमती देतात-घेतात त्या रचनेवरचे) आर्ग्युमेंट वाचून तपासणं, `लुआ_न्यूयूजरडेटायूव्ही`नं जागा (युजरडेटा, म्हणजे सी++चा डेटा ठेवायला लुआनं सांभाळलेला खण) घेणं, त्या जागेवर प्लेसमेंट न्यू वापरून सी++चा ऑब्जेक्ट उभा करणं, आणि `लुआएल_सेटमेटाटेबल`नं त्याला मेटाटेबल (ऑब्जेक्ट कसा वागेल हे सांगणारं टेबल) जोडणं. शेवटी `१` परत करायचं. ५.३पर्यंत जागा घेणाऱ्या फंक्शनचं नाव `लुआ_न्यूयूजरडेटा` होतं. ५.४मध्ये ते नाव मॅक्रो म्हणून टिकून आहे, पण तो मॅक्रो गुपचूप एक युजर-व्हॅल्यू (युजरडेटासोबत बांधलेली लुआची एक किंमत) मागतो. हे लक्षात ठेवा, पुढे अलाइनमेंटच्या (पत्ता ठरावीक आकड्याच्या पटीत असण्याच्या) वेळी लागेल.

सर्वांत जास्त क्रॅश घडवणारी चूक म्हणजे मेटाटेबल आधी जोडणं आणि ऑब्जेक्ट नंतर उभा करणं. दिसायला हे नीटनेटकं वाटतं. पण मेटाटेबलमध्ये `__जीसी` असेल तर जोडल्या क्षणी लुआ त्या युजरडेटावर खूण करते: हा मरताना याचा फायनलायझर, म्हणजे `__जीसी`मधलं फंक्शन, चालवायचा. आता `इमेज`च्या कन्स्ट्रक्टरनं मेमरी कमी पडल्याचं एक्सेप्शन फेकलं, तर ऑब्जेक्ट कधी उभाच राहिला नाही, पण खूण राहिली. पुढच्या फेरीत कलेक्टर `__जीसी` चालवतो आणि आपण कचरा भरलेल्या बाइटांवर डिस्ट्रक्टर चालवतो. म्हणून ऑब्जेक्ट युजरडेटाच्या पोटात ठेवायचा असेल, तर मेटाटेबल सर्वांत शेवटी. कन्स्ट्रक्टर फसला तर मागे राहतो तो साधा, बिनमेटाटेबलचा युजरडेटा, आणि कलेक्टर तो निमूट मोकळा करतो.

युजरडेटात ऑब्जेक्टऐवजी फक्त पॉइंटर ठेवत असाल तर हाच क्रम उलटा होतो. आधी पॉइंटरमध्ये `नलपीटीआर` लिहायचा, लगेच मेटाटेबल जोडायचा, आणि मगच `न्यू` करून पत्ता त्या खणात ठेवायचा. इथे मेटाटेबल आधी आलेला चालतो, कारण `__जीसी`ला रिकामा पॉइंटर ओळखता येतो आणि `डिलीट`ला नल दिला तरी काही बिघडत नाही. उलट आधी `न्यू` करून पॉइंटर सी++च्या चलात धरला आणि मग लुआकडे जागा मागितली, तर ती मागणी फसल्यावर तो पॉइंटर कायमचा हरवतो. एका पद्धतीचा क्रम दुसरीला लावला की घोळ झालाच, आणि नेटवर सापडणारे नमुने दोन्ही पद्धती सर्रास मिसळतात.

`__जीसी`बद्दल आणखी एक. मेटाटेबल जोडताना त्यात `__जीसी` नसेल आणि तुम्ही ते नंतर भरलंत, तर ५.२पासून पुढे आधी जोडलेल्या ऑब्जेक्टांवर खूण होत नाही. डिस्ट्रक्टर चालतच नाही, त्रुटीही दिसत नाही, फक्त मेमरी वाढत राहते. मेटाटेबल पूर्ण भरल्याशिवाय पहिला ऑब्जेक्ट बनू देऊ नका.

एरर लुआची, नुकसान सी++चं

लुआ नेहमीसारखी सी म्हणून कंपाइल केली असेल तर `लुआ_एरर`, `लुआएल_एरर` आणि सगळी `लुआएल_चेक…` फंक्शनं आतून `लाँगजंप` मारतात. ही उडी मधल्या सी++ ऑब्जेक्टांचे डिस्ट्रक्टर चालवत नाही. भाषेच्या नियमांनुसार तर हे अव्याख्यात वर्तनच आहे. प्रत्यक्षात दिसतो तो लीक: फंक्शनच्या पहिल्या ओळीत `एसटीडी::स्ट्रिंग` बनवली, दुसऱ्या ओळीत `लुआएल_चेकइंटिजर` फसलं, स्ट्रिंगचा बफर तसाच राहिला.

उपाय साधा आहे, पण तो सवयीनं पाळावा लागतो. आधी सगळे आर्ग्युमेंट साध्या प्रकारांत वाचून घ्या, म्हणजे `लुआ_इंटिजर`, `साइझ_टी` आणि `लुआएल_चेकएलस्ट्रिंग`नं दिलेला पॉइंटर. सगळ्या तपासण्या संपल्यावरच डिस्ट्रक्टर असलेली पहिली वस्तू जन्माला येऊ द्या. `लुआएल_चेकएलस्ट्रिंग`चा पॉइंटर ती स्ट्रिंग स्टॅकवर आहे तोवरच भरवशाचा असतो. तो क्लासमध्ये तसाच साठवू नका, अक्षरं स्वतःच्या स्ट्रिंगमध्ये उतरवून घ्या.

उलट दिशाही तितकीच धोक्याची. सी++चं एक्सेप्शन लुआच्या सी फ्रेममधून बाहेर जाऊ देता येत नाही. प्लेसमेंट न्यूभोवती `ट्राय` हवाच. `कॅच`च्या आत मात्र थेट `लुआएल_एरर` करू नका, नाहीतर उडीमुळे एक्सेप्शनचा ऑब्जेक्टच अर्धवट लटकतो. `ट्राय`च्या आधी २५६ अक्षरांचा साधा `कॅर` अ‍ॅरे घ्या, `कॅच`मध्ये `एसएनप्रिंटएफ`नं संदेश त्यात उतरवा, एक खूण ठेवा, आणि `कॅच`चा कंस बंद झाल्यावर `लुआएल_एरर` करा.

लुआ सी++ म्हणून कंपाइल केली तर एरर एक्सेप्शन बनून येतात आणि डिस्ट्रक्टर चालतात. मोठ्या सी++ प्रकल्पाला हा मार्ग चांगला आहे. पण मग `कॅच (...)` वापरताना जपा, कारण तो लुआची स्वतःची एररही गिळतो आणि इंटरप्रिटर अधांतरी राहतो. अशा बिल्डमध्ये फक्त `एसटीडी::एक्सेप्शन` पकडा.

डॉट, कोलन आणि सरकलेले आर्ग्युमेंट

`इमेज:न्यू(६४०, ४८०)` लिहिलं की लुआ `इमेज` टेबल पहिला आर्ग्युमेंट म्हणून पाठवते. ६४० दुसऱ्या जागी जातो, ४८० तिसऱ्या. यातून येणारा संदेश नवख्याला चकवतो: "कॉलिंग 'न्यू' ऑन बॅड सेल्फ (नंबर एक्स्पेक्टेड, गॉट टेबल)". म्हणजे `लुआएल_आर्गएरर`नं ओळखलं की ही मेथडसारखी हाक आहे आणि बिघडलेला आर्ग्युमेंट खुद्द `सेल्फ` आहे. "बॅड सेल्फ" दिसलं की कोलनच्या जागी डॉट करून बघा. दोन्ही चालवण्याची हौस असेल तर पहिल्या जागी क्लासचं टेबलच आहे का ते तपासून `लुआ_रिमूव्ह(एल, १)` करता येतं. पण संघात एकच शैली ठरवलेली बरी. दोन्ही चालू ठेवली की उलटी चूक, म्हणजे मेथड डॉटनं बोलावणं, वाढते.

`इमेज(६४०, ४८०)` असं थेट चालावं असं बहुतेकांना वाटतं, आणि ते वाचायलाही छान दिसतं. त्यासाठी `__कॉल` लागतो. तो ऑब्जेक्टांच्या मेटाटेबलमध्ये नाही आणि क्लासच्या टेबलमध्येही नाही, तर क्लासच्या टेबलला जो मेटाटेबल जोडता त्यात ठेवायचा. चुकीच्या जागी ठेवला तर "अटेम्प्ट टू कॉल अ टेबल व्हॅल्यू (ग्लोबल 'इमेज')" हा संदेश येतो. `__कॉल`मधून येतानाही क्लासचं टेबल पहिल्या जागी असतं. `लुआ_रिमूव्ह(एल, १)` करून तेच `न्यू` फंक्शन वापरा, दुसरं लिहू नका.

"अटेम्प्ट टू इंडेक्स अ निल व्हॅल्यू" येत असेल तर फंक्शन शेवटी `०` परत करतंय का बघा. ऑब्जेक्ट बनतो, पण हाती पडत नाही. आणि युजरडेटानंतर स्टॅकवर आणखी काही ढकललं असेल, तर `१` परत केल्यावर ऑब्जेक्टऐवजी ती वरची वस्तू बाहेर जाते.

एकापेक्षा जास्त कन्स्ट्रक्टर

लुआत ओव्हरलोडिंग नाही. निवड आपणच करायची, `लुआ_गेटटॉप` आणि प्रकार पाहून. इथला सापळा हा: `लुआ_इजस्ट्रिंग` आकड्यालाही हो म्हणतं आणि `लुआ_इजनंबर` "६४०" या स्ट्रिंगलाही. फाइलचं नाव घेणारा कन्स्ट्रक्टर आधी तपासला आणि तोही `लुआ_इजस्ट्रिंग`नं, तर `इमेज.न्यू(६४०, ४८०)` ६४० नावाची फाइल उघडायला जातो. वर `लुआ_टूएलस्ट्रिंग` स्टॅकवरच्या आकड्याची जागच्या जागी स्ट्रिंग करतं, म्हणून नंतरची तपासणीही बिघडते. `लुआ_टाइप`चं उत्तर थेट `लुआ_टीस्ट्रिंग` किंवा `लुआ_टीनंबर`शी ताडून पाहा. प्रत घेणाऱ्या कन्स्ट्रक्टरसाठी `लुआएल_टेस्टयूडेटा` वापरा. तो प्रकार जुळला नाही तर एरर न देता नल देतो.

आकड्यांच्या मर्यादा इथेच घाला. `लुआएल_चेकइंटिजर` ५.३पासून ६४०.० स्वीकारतं आणि ६४०.५ला "नंबर हॅज नो इंटिजर रिप्रेझेंटेशन" म्हणून नाकारतं, ते ठीक. पण -१ ते खुशाल पुढे पाठवतं, आणि ६४-बिट `साइझ_टी`त गेल्यावर त्याचे १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होतात. `लुआएल_आर्गचेक`नं दोन्ही टोकं बांधा: शून्यापेक्षा मोठं, आणि तुमच्या कामाला पुरेल अशी वरची मर्यादा, समजा १६३८४.

मेटाटेबलचं नाव आणि स्क्रिप्टचा शिरकाव

`लुआएल_न्यूमेटाटेबल` नवा मेटाटेबल बनवला तर १ देतं. त्या नावाचा आधीच असेल तर ० देऊन तोच जुना स्टॅकवर ठेवतं. नुसतं "इमेज" हे नाव दिलं आणि दुसऱ्या प्लगइननंही तेच वापरलं असेल, तर दोन वेगळ्या क्लासांचा मेटाटेबल एकच होतो. `लुआएल_चेकयूडेटा` समाधानी राहतं आणि एका क्लासचे बाइट दुसऱ्या क्लासचे म्हणून वाचले जातात. नावापुढे प्रकल्पाचं नाव जोडा आणि परत आलेला आकडा खरंच तपासा. "इमेज एक्स्पेक्टेड, गॉट यूजरडेटा" असा संदेश आला, तर ऑब्जेक्टला मेटाटेबल जोडायचा राहिलाय किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक आहे. "गॉट लाइट यूजरडेटा" आला तर कोणीतरी `लुआ_पुशलाइटयूजरडेटा` वापरलंय, म्हणजे नुसता पॉइंटर लुआला दिलाय. सगळ्या लाइट यूजरडेटांना मिळून एकच मेटाटेबल असतो आणि त्यांना फायनलायझर नसतो, त्यामुळे कन्स्ट्रक्टरसाठी ते कामाचेच नाहीत.

मेटाटेबललाच त्याचा `__इंडेक्स` (मेथड शोधायची जागा) करणं ही जुनी सोपी रीत आहे. तिचा एक परिणाम कोणी सांगत नाही: `इमग` हा स्क्रिप्टमधला इमेज ऑब्जेक्ट असेल तर तिला `इमग:__जीसी()` लिहिता येतं. डिस्ट्रक्टर एकदा तिथे चालतो, पुन्हा कलेक्टरकडून चालतो. मेथडांचं टेबल वेगळं ठेवा, `__इंडेक्स` त्याकडे वळवा आणि `__मेटाटेबल` या फील्डमध्ये काहीही ठेवून `गेटमेटाटेबल`ची वाट बंद करा. `डीबग` लायब्ररी ही कुलपं ओलांडते, तेव्हा परक्या स्क्रिप्टला ती देऊच नका. शिवाय `__जीसी`च्या आत डिस्ट्रक्टर चालल्यावर `लुआ_पुशनिल` आणि `लुआ_सेटमेटाटेबल(एल, १)` करून ऑब्जेक्टचा मेटाटेबलच काढून टाका. मग कोणी मेलेला ऑब्जेक्ट वापरायला गेलं तर क्रॅशऐवजी स्वच्छ एरर मिळते.

वारसा असेल तर ध्यानात घ्या की `लुआएल_चेकयूडेटा` मेटाटेबल तंतोतंत तोच आहे का एवढंच बघतं. मूळ क्लासची मेथड वारस क्लासच्या ऑब्जेक्टला नकार देणार. आणि वारस क्लासचा पॉइंटर `व्हॉइड` पॉइंटर करून साठवला व मूळ क्लासचा म्हणून वाचला, तर बहुवारशात पत्ता चुकतो. साठवतानाच मूळ क्लासच्या पॉइंटरमध्ये बदलून घ्या.

आई आधी मेली तर, आणि त्यातून अलाइनमेंट

`इमग:रो(३)` सारखी मेथड एका ओळीचा नवा ऑब्जेक्ट देते आणि तो मूळ बफरकडे बोट दाखवतो. स्क्रिप्टनं `इमग` सोडून दिला की कलेक्टर त्याला उचलतो आणि ओळीच्या हाती मेलेला पत्ता राहतो. उपाय म्हणजे ओळीच्या युजरडेटाला एक युजर-व्हॅल्यू मागायची आणि `लुआ_सेटआययूजरव्हॅल्यू`नं तिच्यात मूळ इमेज बांधून ठेवायची. ५.२ आणि ५.३मध्ये `लुआ_सेटयूजरव्हॅल्यू`, ५.१मध्ये `लुआ_सेटएफईएनव्ही`; ५.१ आणि ५.२मध्ये मात्र तिथे टेबलच चालतं, म्हणून इमेज टेबलमध्ये घालून द्यायची.

एवढं केल्यावर काहींचा प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी पडू लागतो, आणि तोही फक्त ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डमध्ये. कारण असं. लुआ युजरडेटाला ८ बाइटांच्या अलाइनमेंटचीच हमी देते. ६४-बिट ५.४मध्ये युजर-व्हॅल्यू शून्य असतील तर तुमची जागा हेडरच्या ३२ बाइटांनंतर सुरू होते. `मॅलॉक` १६च्या पटीत पत्ता देत असेल तर ही जागाही १६च्या पटीत पडते आणि सगळं योगायोगानं चालतं. एक युजर-व्हॅल्यू मागितली की तीच जागा ५६ बाइटांनंतर येते, आणि ५६ ही १६ची पट नव्हे. क्लासमध्ये `अलाइनअ‍ॅज(१६)`चा एसएसई व्हेक्टर असेल तर कंपाइलरनं काढलेली अलाइन्ड लोड सूचना तिथे क्रॅश होते. जुन्या नावाचा मॅक्रो वापरणाऱ्यांना हा फटका आधीच बसलेला असतो, कारण तो नेहमी एक युजर-व्हॅल्यू घेतो. उपाय दोन: ८ बाइट जास्त मागून पत्ता हातानं पुढच्या १६च्या पटीवर न्यायचा, किंवा अशा क्लासांसाठी पॉइंटरवाली पद्धत घ्यायची. आमचा कल दुसऱ्याकडे. पहिल्यात प्रत्येक मेथडनं पत्ता पुन्हा काढायला हवा, आणि एक जरी विसरली तरी खेळ संपला.

कलेक्टरला न दिसणारं ओझं

पॉइंटरवाल्या पद्धतीची किंमत इथे मोजावी लागते. ४००० × ३००० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ४.८ कोटी बाइट सी++कडे. लुआला दिसतात पॉइंटरचे ८ आणि हेडरचे ३२, एकूण ४०. अशा शंभर इमेज तात्पुरत्या बनवून सोडल्या तरी लुआच्या हिशेबी ४००० बाइटच वाढले, मग ती कलेक्टरला कशाला उठवेल? `कलेक्टगार्बेज("काउंट")` शांत आणि प्रोसेसची मेमरी मात्र ४.८ अब्ज बाइटांवर, अशी विसंगती दिसली की कारण हेच.

इमेज बनवल्यावर `लुआ_जीसी(एल, लुआ_जीसीस्टेप, ४६८७५)` करा. तो आकडा किलोबाइटांत आहे, ४.८ कोटीला १०२४नं भागून आलेला, आणि कलेक्टर तेवढी मेमरी घेतली गेली असं समजून पुढे सरकतो. हे प्रत्येक लहान ऑब्जेक्टला लावू नका, वेग जातो. मोठ्या वस्तूंसाठी खरा इलाज म्हणजे `क्लोज` मेथड आणि ५.४मधला `__क्लोज`, म्हणजे स्क्रिप्टमध्ये `<क्लोज>` खूण केलेला लोकल ब्लॉक संपताच बफर सुटतो. मग त्याच ऑब्जेक्टवर नंतर `__जीसी`ही चालणार, म्हणून मोकळं करणारं फंक्शन दोनदा बोलावलं तरी निर्धोक हवं: पॉइंटर नल करा आणि बाकी मेथडांत नलची तपासणी घाला.

सोल२ ही सी++-लुआ जोडणारी लायब्ररी वापरत असाल तर

वरचं बरंचसं लायब्ररी करून देते, पण तक्रारी उरतातच. क्लास नोंदवताना `सोल::कन्स्ट्रक्टर्स`मध्ये प्रत्येक सही स्पष्ट लिहा. नावाशिवाय थेट हाक चालायला हवी असेल तर `सोल::कॉल_कन्स्ट्रक्टर` वेगळा जोडावा लागतो. वारसा `सोल::बेसेस`नं सांगावा लागतो. काम चालू असताना `सोल_ऑल_सेफ्टीज_ऑन` १ ठेवा, नाहीतर चुकीचा आर्ग्युमेंट न तपासताच आत जातो.

पकडायचं कसं

लुआ स्वतः कंपाइल करा आणि `लुआ_यूज_एपीआयचेक` डिफाइन करा. स्टॅकचे चुकीचे इंडेक्स जागीच पकडले जातात. सगळा प्रोग्रॅम अ‍ॅड्रेस सॅनिटायझरनं (मेमरीच्या चुका पकडणाऱ्या कंपाइलरच्या सोयीनं) बांधा. लिंकर `लुआएल_न्यूस्टेट` सापडत नाही म्हणत असेल तर `लुआ.एच`ऐवजी `लुआ.एचपीपी` घ्या, त्यात `एक्स्टर्न "सी"` आहे.

मग दोन छोट्या स्क्रिप्ट चालवा. पहिलीत प्रत्येक `इमेज.न्यू`नंतर `कलेक्टगार्बेज()` करा, म्हणजे दहा मिनिटांनी येणारा क्रॅश पहिल्या सेकंदात येतो. दुसरीत चुकीचे आर्ग्युमेंट देऊन `पीकॉल(इमेज.न्यू, "अबक", {})` एक लाख वेळा फिरवा (`पीकॉल` एरर पकडून परत देतं) आणि मग `इमेज.न्यू(-१, -१)`सुद्धा. प्रोसेसची मेमरी सपाट राहिली पाहिजे. चढत असेल तर एररच्या वाटेवर कुठेतरी सी++चा ऑब्जेक्ट तपासणीच्या आधी जन्मतोय. तिसरी फेरी कन्स्ट्रक्टरमध्येच मुद्दाम `थ्रो` घालून: `पीकॉल`नं संदेश परत दिला, पाठोपाठ `कलेक्टगार्बेज()` शांतपणे पार पडलं आणि `लुआ_क्लोज`ही विनातक्रार झालं, तरच मेटाटेबल योग्य वेळी जोडला जातोय असं धरा.